पंधरा अंशांचा एक तास

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मोबाइलला, परदेशातल्या सरकारला किंवा पृथ्वीच्या फिरण्याला दोष द्यायला नको. पृथ्वी नेहमीसारखीच फिरत होती.

मी भूगोलाची शिकवणी घेते. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे चार बाकं, एक फळा आणि एक पृथ्वीगोल. गोलाला दक्षिणेकडे पोचा आलाय, कारण एकदा एक विद्यार्थी त्याच्यावर बसला होता. विद्यापीठात जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात. त्यांना दोन पेपर असतात. पहिल्यात नद्या, वारे, अक्षांश, रेखांश. दुसऱ्यात जागतिकीकरण, म्हणजे माणसं, माल आणि कामं एका देशातून दुसऱ्या देशात का जातात आणि ती गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं. मुलांना पहिला पेपर अवघड वाटतो. दुसरा सोपा वाटतो आणि तिथेच ती आपटतात, कारण बातम्या ऐकून ऐकून सगळ्यांनाच वाटतं की हे आपल्याला येतंय.

मुलं माझ्यामागे मला 'पंधरा अंश' म्हणतात. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून एक बोट म्हणजे पंधरा अंश, एक बोट म्हणजे एक तास, असं मी त्यांच्याकडून घोटून घेते. जगातल्या कुठल्याही गावात किती वाजले असतील ते माझ्या मुलांना बोटांवर काढता आलं पाहिजे. फोनवर बघायला बंदी. दाराशी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, आत येताना सगळ्यांनी फोन त्यात टाकायचे. "फोन सांगतो ते उत्तर, बोटं सांगतात ते ज्ञान," हे माझं ठरलेलं वाक्य. आता लिहितानाही त्याची लाज वाटते, पण तेव्हा मी ते आठवड्यातून चारदा तरी म्हणत असे.

माझा दुसरा ठरलेला शब्द म्हणजे 'वगळा'. पुस्तक तीनशे पानांचं आणि हातात महिने आठ, त्यामुळे परीक्षेला जे येत नाही ते मी पहिल्याच आठवड्यात मुलांकडून काढून टाकते. पान एकशे बारावर एक चौकोन आहे. काही देश वसंतात घड्याळं एक तास पुढे करतात आणि शरदात पुन्हा मागे घेतात, त्या पुढे केलेल्या वेळेला उन्हाळी वेळ म्हणतात, अशी आठ ओळींची माहिती त्यात दिलीय. चौदा वर्षांत त्यावर एका गुणाचाही प्रश्न आलेला नाही. म्हणून मी सांगते, पान एकशे बारा, चौकोन, लिहा, वगळा. आणि पेनाने लिहा. पेन्सिलीचं लिहिलेलं पुसता येतं, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही घाबरून नको ते वाचत बसता.

त्या वर्षी माझ्या वर्गात पणबाई होती. तिचं हे नाव वर्गानेच ठेवलं होतं, कारण तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई" असंच सुरू व्हायचं. पण बाई, कारखाना तिकडे गेला तर तिकडच्या मजुराला पगार वाढवून का नाही मागता येत? पण बाई, केळी इतक्या लांबून येऊन स्वस्त कशी? मी तिच्यावर खेकसायचे आणि घरी गेल्यावर तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधत बसायचे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

घरी ती, तिची आई आणि सात वर्षांची धाकटी बहीण. आई एका फोनच्या ऑफिसात कामाला होती. समुद्रापलीकडच्या देशातल्या लोकांचं कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं की ते ज्या नंबरावर फोन करून ओरडतात, तो फोन हिच्या कानाला असायचा. आईला मी दोनदाच भेटले होते. दोन्ही वेळा ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि मी बोलत असताना मान हलवत राहिली.

पणबाईने त्याच समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात अर्ज केला होता. तिच्या आवडीचा तोच विषय, भूगोल आणि जागतिकीकरण. बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी तिथे एक जागा होती. एकच. फी माफ, राहणं माफ. ती जागा मिळाली तर पोरगी शिकणार, नाहीतर आईच्याच ऑफिसात आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. ते तिने मला सांगितलं नव्हतं. तिच्या वहीच्या मागच्या पानावर त्या ऑफिसच्या भरतीचा कागद घडी घालून ठेवलेला मी पाहिला होता.

शनिवारी तिला पत्र आलं. निवड झालेल्या सहा जणांत तिचं नाव होतं. मंगळवारी सकाळी दहा वाजता, तिथल्या घड्याळाप्रमाणे, कॉम्प्युटरवर मुलाखत. वीस मिनिटं. खोलीत उमेदवाराशिवाय कोणी नको. आणि शेवटी जाड अक्षरात एक ओळ: दहा मिनिटांत हजर न झाल्यास उमेदवाराने जागा सोडली असं धरलं जाईल.

मला इतका आनंद झाला की मी वर्गासमोरच ते पत्र वाचलं. आणि वाचल्यावर गप्प बसेन तर मी कसली. फळ्यावर मोठं लिहिलं: त्यांचे दहा, आपले किती? सगळ्यांनी बोटं काढली. आपले रेखांश, त्यांचे रेखांश, मध्ये एकशे पस्तीस अंश, भागिले पंधरा, नऊ बोटं. ते पश्चिमेला, म्हणजे मागे. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे सात. वर्ग एका सुरात म्हणाला, "सात." मी सातभोवती गोल केला.

"पण बाई," पणबाई म्हणाली, "आईची शिफ्ट सोमवारपासून..."

"आईच्या शिफ्टचं इथे काय मध्येच?"

"नाही, म्हणजे तिकडे..."

"हे बघ, मंगळवारपर्यंत तुझं ते 'पण' घरी ठेवून ये. मुलाखतीत असं प्रत्येक वाक्याला अडवलंस ना, तर ते तुला दुसऱ्या मिनिटाला बाहेर काढतील."

वर्ग हसला. ती पण हसली, जरासं. मग तिने वहीत लिहिलं, मंगळवार, सात.

*

मंगळवार उजाडला. परीक्षा तिची आणि धावपळ माझी. मी दुपारीच खोली झाडून घेतली, फळा पुसला, पोचा आलेला गोल वळवून चांगली बाजू समोर केली. माझा लॅपटॉप जुना, सुरू व्हायला भाताच्या कुकरइतका वेळ घेतो, म्हणून साडेचारलाच लावून पाहिला. इंटरनेटची वायर खालच्या दुकानातून वर येते. झेरॉक्सवाल्यांना बजावून ठेवलं होतं, "आज साडेसहापासून दुकान सोडायचं नाही आणि तुमचा तो इंटरनेटचा डबा बंद करायचा नाही." त्यांना चहाला जाताना सगळी बटणं बंद करायची सवय. ते म्हणाले, "बाई, साडेपाचला चहा घेतो आणि सहा-सव्वासहाला येऊन पहाऱ्यालाच बसतो."

पणबाईला मी साडेपाचला बोलावलं होतं. तासभर सराव करायचा, मग तोंड धुऊन, पाणी पिऊन, सातला मुलाखत. ती सव्वापाचलाच आली. इस्त्रीचा निळा शर्ट, केस चापूनचोपून बांधलेले, हातात पत्राची प्रत.

"सातला मुलाखत आणि आत्तापासून नटून आलीस? शर्टाच्या घड्या होतील," मी म्हणाले.

"असू दे बाई."

"धाकटी कुठे?"

"चारपासून शेजारच्या काकूंकडे आहे."

"चारपासून? आई पावणेपाचला निघते ना?"

"हो, पण..." एवढं बोलून ती थांबली. ओठ मिटून घेतले. मला त्या मिटलेल्या ओठांचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, शिकली पोरगी.

तिचा फोन तिने स्वतःहून डब्यात टाकला. टाकण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि समोरच्या बाकावर त्यांच्यासारखी बसले. पाठ ताठ, चेहरा कोरा.

पहिले दोन प्रश्न बरे गेले. पण तिचं लक्ष नव्हतं. दर दोन मिनिटांनी नजर घड्याळाकडे जायची. मी म्हणाले, "घड्याळ पळून जात नाही. इकडे बघ." तिच्या कपाळावर घाम आला होता. मी पंखा वाढवला. तिच्या हातातल्या पत्राच्या कोपऱ्याची पार गुंडाळी झाली होती, ते काढून घेतलं. माझ्याही मनात धाकधूक होतीच, पण मी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. मला ते चांगलं जमतं.

खाली शटर ओढल्याचा आवाज आला. झेरॉक्सवाले चहाला गेले.

"आता जागतिकीकरण," मी म्हणाले. "कुठेतरी लांब कोणीतरी एक निर्णय घेतला आणि त्याने तुझ्या घरात काहीतरी बदललं, असं एक उदाहरण दे. पुस्तकातलं नको. बूट, शर्ट आणि कॉफी नको, ते सगळे जण सांगणार."

तिने शर्टाची बाही सारखी केली. मग खाली बघून म्हणाली, "रविवारी तिकडच्या लोकांनी घड्याळ एक तास पुढे केलं. त्यामुळे सोमवारपासून आमच्या धाकटीला शाळेतून आणायला घरी कोणी नसतं."

"म्हणजे?"

"आईच्या ऑफिसला तिकडची वेळ पाळावी लागते. तिकडचे लोक उठतात तेव्हा फोन सुरू होतात. आता ते एक तास आधी उठतात, म्हणजे आपल्या हिशेबाने आधी. म्हणून आई पावणेपाचच्या ऐवजी पावणेचारला निघते. शाळा चारला सुटते. काल धाकटी फाटकाशी तासभर उभी होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं."

मी म्हणाले, "छान आहे. पण थोडं काटेकोर मांड. 'एक तास आधी उठतात' असं मोघम नको. तिकडे उन्हाळी वेळ सुरू झाली, त्यामुळे दोन देशांतलं अंतर नऊ तासांवरून..."

आणि माझी जीभ तिथेच थांबली.

नऊ तासांवरून आठ. आठ. त्यांचे दहा म्हणजे आपले सहा.

मी भिंतीकडे पाहिलं. पाच वाजून एक्कावन्न मिनिटं. त्या क्षणी मला पान एकशे बारा जसंच्या तसं दिसलं. चौकोन दिसला, आणि त्याच्यावर आडवा, पेनाने, माझ्या सांगण्यावरून चौदा वर्षांतल्या सगळ्या मुलांच्या हस्ताक्षरांत लिहिलेला तो शब्द दिसला.

"सहाला आहे," मी म्हणाले. "मुलाखत सहाला आहे."

तिने "काय?" असं विचारलं नाही. ती उठून उभी राहिली, बस.

*

पुढच्या सतरा मिनिटांचा हिशेब मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पत्रातली लिंक मी साडेचारलाच लॅपटॉपमध्ये टाकून ठेवली होती, ती दाबली. पांढरा पडदा. इंटरनेट नाही. झेरॉक्सवाले चहाला जाताना सवयीप्रमाणे सगळी बटणं बंद करून गेले होते, आणि साडेसहाच्या आत त्यांना थांबवायचं मला काही कारणच नव्हतं. मी जिना उतरून खाली गेले. शटरला कुलूप. माझ्या साध्या, बिननेटच्या फोनवरून त्यांना फोन लावला, तो शटरच्या आत वाजताना ऐकू आला. मी शटरवर दोन थापा मारल्या. का मारल्या ते मलाही माहीत नाही, आत तर कोणीच नव्हतं.

वर आले तर पणबाईने डब्यातून आपला फोन काढला होता. "बाई, माझ्या फोनवरून नेट देते लॅपटॉपला." तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत होता. "बॅटरी मात्र अकरा टक्के आहे."

"चार्जर?"

"घरी."

माझा चार्जर तिच्या फोनला बसेना. पाच अठ्ठावन्न. लॅपटॉपने नवीन जोडणी दिसली म्हणून पासवर्ड मागितला. तिने सांगितला, मी चुकीचा टाइप केला. पुन्हा सांगितला. माझी बोटं, जगाचं घड्याळ मोजणारी माझी हुशार बोटं, एका अक्षरावर दोन-दोनदा पडत होती. शेवटी तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि हलकेच माझा हात बाजूला केला.

सहा वाजले. सहा वाजून एक. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. सहा-तीन. "तुमचा क्रमांक लिहा." क्रमांक पत्रावर होता. पत्र मीच तिच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि ते कुठे ठेवलं ते मला आठवेना. टेबलावर नाही. बाकाखाली नाही. फळ्याच्या खडूच्या पट्टीवर सापडलं. सहा-पाच.

पुन्हा तो गोल. मी मनात कोणाकोणाची विनवणी करत होते ते सांगत नाही. दहा मिनिटांपैकी सहा गेली, सात गेली. पणबाई पडद्यापासून नजर न काढता म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेर जा. खोलीत दुसरं कोणी चालत नाही."

मी दाराकडे गेले. दार ओढून घेताना मागून एका बाईचा परका, प्रसन्न आवाज आला. मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून आठ.

*

मी जिन्यावर बसले. आत बोलणं परक्या भाषेत चाललं होतं. ती भाषा मला येते, पण दारातून शब्द येत नव्हते, फक्त चढउतार येत होता. मी तिच्या बॅटरीचे टक्के बोटांवर मोजायला लागले. आता नऊ असतील. आता आठ. वीस मिनिटांना अकरा टक्के पुरतात का? कुठल्या पुस्तकात असतं हे?

सव्वासहाला झेरॉक्सवाले शीळ घालत आले. मला जिन्यावर पाहून शीळ थांबली.

"बाई? इथे का? सातला ना?"

"हळू बोला. सहाला होती. आत चालू आहे."

"पण तुम्हीच तर सातला..."

"मी चुकले."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी सांगितलं की नदी डोंगर चढली. "तुम्ही चुकलात?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरोखरच आश्चर्य होतं. ते मला जास्त लागलं.

त्यांनी शटर अगदी दोन्ही हातांनी, बाळाचं पांघरूण काढावं तसं वर केलं आणि आत जाऊन सगळी बटणं लावली. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण मी त्यांना तसं म्हणाले नाही.

मग आतला आवाज जरा चढला. पलीकडचे एक गृहस्थ काहीतरी लांबलचक बोलत होते. मी कान दाराला लावला. हे वाईट आहे, मला ठाऊक आहे, पण लावला. ते म्हणत होते की या सगळ्या यंत्रांमुळे जग आता अगदी लहान झालंय, अंतरं उरलीच नाहीत, नाही का. प्रश्न कमी आणि हवापाण्याच्या गप्पा जास्त. कोणीही "होय" म्हणून मोकळं झालं असतं. मीही मनात म्हणाले, हो म्हण, सोन्या, हो म्हण आणि मोकळी हो.

मग त्यांच्या भाषेत 'पण'ला जो छोटासा शब्द आहे तो मला स्पष्ट ऐकू आला. आणि त्यानंतर ती थांबलीच नाही. धाकटी, फाटक, तासभर, आई, सगळं त्यात होतं. मला मधले काही शब्दच कळले. पण शेवटचं वाक्य कळलं. ती म्हणाली, जग लहान झालंय ते तुमच्यासाठी. माझ्या बहिणीला ते अजून तासभर लांब आहे.

मी दारापासून बाजूला झाले आणि पदराने डोळे पुसले. झेरॉक्सवाल्यांनी दुसरीकडे पाहिलं.

*

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिच्या फोनचा पडदा काळा होता. "शेवटी बंद पडला," ती म्हणाली. "पण त्यांचं 'आभारी आहोत' म्हणून झालं होतं. बहुतेक झालं होतं."

बहुतेक. या शब्दावर आम्हाला पुढचे तीन आठवडे काढायचे होते.

मी तिला जिन्यावर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला घरी जाता आलं नसतं. "तुला माहीत होतं?"

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिली.

"शनिवारी आई म्हणाली की सोमवारपासून घड्याळ बदलतंय, बाईंना एकदा विचार. मी विचारायला लागले, तर..." ती थांबली. "मग घरी फोनवर मंगळवारची तारीख टाकून पाहिलं. सहा दाखवत होतं. मला वाटलं मी चुकीचं गाव टाकलं. पुन्हा टाकलं. पुन्हा सहा. तिसऱ्यांदा पण सहा. मग मी फोन बंद केला."

"आणि मला का नाही सांगितलंस? एक फोन करायचास. रात्री, पहाटे, कधीही."

"वाटलं, फोनच बिघडला असेल," ती म्हणाली. "तुम्ही कशा चुकाल, बाई?"

म्हणून ती सव्वापाचला आली होती. म्हणून तो शर्ट आणि ते चापलेले केस. तीन दिवस पोरगी आपल्या आईच्या आणि माझ्या मध्ये उभी होती, आणि खरं काय ते ठाऊक असूनही तिने माझं खरं मानलं होतं. मी चौदा वर्षं मुलांना शिकवत होते ते हेच का, असा प्रश्न मला तिथे जिन्यावर पडला, आणि मला माझा भयंकर राग आला. हा राग नेहमीचा नव्हता. नेहमीचा बाहेर पडतो. हा आतच राहिला.

"चुकले," मी म्हणाले. "आणि यापुढे मी कधी तुला 'पण' म्हणू नकोस असं म्हणाले, तर सरळ उठून निघून जा."

ती हसली आणि मग रडायला लागली. मला रडणाऱ्या मुलांचं काय करायचं ते येत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच उठली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मला पाहून घाईघाईने खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभी राहिली. मी म्हणाले, तुम्हीही बसा, नाहीतर मीही उभी राहते. मग बसली. मी घडलेलं सगळं सांगितलं, माझी चूक माझ्याच तोंडाने.

ती ऐकून म्हणाली, "वर्षातून दोनदा बदलतं हो ते. आम्हाला भिंतीवर कागद लावतात. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणारच. तुम्हाला मी काय सांगायचं, म्हणून जास्त बोलले नाही."

कोणीच जास्त बोललं नव्हतं. माझ्यासमोर कोणी बोलतच नव्हतं आणि मला वाटत होतं की सगळ्यांना समजतंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दुपारी वर्गात मी मुलांना पान एकशे बारा काढायला लावलं. सगळ्यांच्या चौकोनावर 'वगळा', निळ्या शाईत. पुसायची सोय मीच ठेवली नव्हती. मी म्हणाले, त्याच्याखाली लिहा, 'बाई चुकल्या, वाचा.'

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, हे परीक्षेला येणार का?"

"नाही."

"मग?"

"मग काय, वाच."

तीन आठवडे मी रोज पत्राची वाट पाहिली, तिच्याइतकीच, कदाचित जास्त. जेवताना आठवायचं, ते सहा वाजून आठ. शिकवताना आठवायचं, ते 'बहुतेक'. जागा गेली तर ती माझ्यामुळे गेली, आणि पुढची तीस वर्षं ती पोरगी परक्यांच्या बंद पडलेल्या यंत्रांच्या शिव्या ऐकणार, तेही माझ्यामुळेच. हे मला कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

पत्र बुधवारी आलं. ती जिना दोन-दोन पायऱ्या चढत आली आणि दारात थांबली. फोन डब्यात टाकायचं विसरली. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला कळलं, तरी मी म्हणाले, "वाच." तिने वाचलं. जागा तिला मिळाली होती. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या बहिणीच्या फाटकाचं उदाहरण आम्ही आता आमच्या वर्गात सांगतो.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. झेरॉक्सवाल्यांनी तिच्या पत्राच्या दहा प्रती काढून फुकट वाटल्या, कोणी मागितल्या नसताना.

सगळे गेल्यावर ती मागे रेंगाळली. "पण बाई," ती म्हणाली, "मी तिकडे गेल्यावर तुम्हाला फोन करेन ना, तर तो किती वाजता करू? म्हणजे तिकडून."

माझा हात आपोआप वर आला, बोटं उघडली. एकशे पस्तीस अंश, नऊ बोटं. मग मी मूठ मिटली.

"थांब," मी म्हणाले. "तुझ्या आईला विचारून सांगते."